फासळीवरची गाठ

"श्वास रोखा," मामा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. "हं, सोडा."

समोर मासा होता. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे, गुंगीच्या पाण्यातून नुकताच काढून ओल्या स्पंजवर आडवा ठेवलेला. एक्स-रेच्या पेटीत निपचित पडलेला तो जीव काय श्वास रोखणार, कप्पाळ! पहिल्या दिवशी मी इतकी हसले की हातातली जाळी बादलीत पडली. मामा हसले नाहीत. जन्मभर इस्पितळात माणसांचे एक्स-रे काढलेले, तोंडाला वळण पडलं होतं ते पडलंच होतं. पुढच्या माशालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. थोड्याच दिवसांत मीसुद्धा बटण दाबायच्या वेळी नकळत श्वास रोखायला लागले. म्हणजे बघा.

आमची खोली तळघरात. खिडकी नाही, बारा महिने उकाडा, पंपांची घरघर आणि भिंतीला लागून फळ्यांवर फळ्या, त्यांवर पाण्याच्या टाक्या. टाक्यांत झेब्राफिश. मी ते सांभाळते: खायला घालते, टाक्या धुते, पाणी तपासते आणि लग्नं लावते. लग्न म्हणजे संध्याकाळी नर-मादी एका डब्यात मध्ये पडदा घालून ठेवायचे आणि सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. माझ्या सासूबाई सगळ्यांना सांगतात, "सून मत्स्यालयात असते." जणू मीच टाकीत पोहतेय!

हे मासे कशाला, तर हाडांसाठी. त्यांचं अंडं काचेसारखं आरपार असतं आणि ते आईच्या पोटाबाहेर वाढतं, त्यामुळे कणा कसा धरतो, मणका कुठे बसतो, सगळं डोळ्यांदेखत दिसतं. हाडं घडवणारी बरीचशी जनुकं आपल्यात आहेत तीच त्यांच्यात. आमच्या मॅडम, म्हणजे या संशोधनाच्या मुख्य, एकेक जनुक बिघडवतात आणि हाड कुठे चुकतं ते बघतात. मासे मोठे झाले की मी त्यांना गुंगी देऊन मामांकडे द्यायचे, मामांनी त्यांचा एक्स-रे काढायचा. कुठला मासा बिघडवलेला आणि कुठला साधा हे मला ठाऊक असायचं, मामांना नाही. डब्यावर नुसता नंबर. मॅडमचा कडक नियम होता तो. फोटो काढणाऱ्याला आधी सांगितलं, तर त्याला हवं तेच दिसतं, असं त्या म्हणायच्या.

मामांना तो नियम मुळीच जड गेला नाही, कारण त्यांच्या धंद्याचाही तसाच एक नियम होता. एक्स-रे काढणारा माणूस दिसलेलं कधी सांगत नाही. मी मुद्दाम डिवचायचे, "काय मामा, दिसतंय का काही?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

"अहो, माशाला कुठला डॉक्टर?"

"मग मॅडम सांगतील."

मामा हे नाव मीच पाडलं, मग सगळेच म्हणायला लागले. ठेंगणे, नीटनेटके, गरज नसताना शिशाचा जाड एप्रन घालणारे. कानांनी कमी ऐकू यायचं, त्यामुळे पंपांच्या वर आवाज काढून माझा घसा बसायचा. डोळ्यांतलं पांढरं मात्र पांढरं नव्हतं, निळसर होतं. "मामा, बायकोने डोळेसुद्धा निळीत बुडवून वाळत घातले होते का हो?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. जीभ चावली मी. पण चिडवायचं काही सोडलं नाही.

त्यांचं डावं मनगट वाकडं होतं. स्पंजवर मासा ठेवताना ते चटकन दिसायचं. "बापाने मोडला हात," ते म्हणाले होते. "शाळेत सोडायला आला होता. असा धरला आणि ओढला. त्याच्या आधी कोपरही मोडलं होतं एकदा, तेही त्याच्याच हातून."

"मग?"

"मग काय. मोठा झालो, घर सोडलं. त्याच्याशी बोललो नाही. तो गेला तेव्हा गेलो, उभा राहिलो, परत आलो."

हे त्यांनी कसं सांगितलं माहितीये? गाडी कुठल्या फलाटावर लागलीय हे सांगतात, तसं.

एवढं चांगलं इस्पितळ सोडून निवृत्तीआधीच हा माणूस माशांचे फोटो काढायला का आला, हे कोणालाच कळत नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मासे रडत नाहीत." मला वाटलं विनोद केला. मी हसले.

मग एका दुपारी पंप दुरुस्तीला बंद होते. खोली गप्प होती. ऐकण्याची धडपड करावी लागत नव्हती म्हणून असेल, पण मामा आपणहून बोलायला लागले.

त्यांना एकच लेक. लेक-जावई त्यांच्याच घरात राहायचे. नात झाली, घर भरलं. लेक दिवसा कामाला, जावई रात्रपाळीला, म्हणजे दिवसभर पोरीला बघायचा तो जावईच. अंघोळ, दूध, झोपवणं, सगळं तोच. पोरगी अजून नीट बसतही नव्हती, तेव्हा तिचा हात सुजला. दोघं तिला घेऊन मामांच्याच इस्पितळात आले. कामावर मामाच होते.

"दुसऱ्या कोणाला बोलवा म्हणायला हवं होतं," ते म्हणाले. "तसं म्हणालो नाही. हाताचं हाड मोडलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, सगळ्या अंगाचा काढा. मी तिला म्हणालो, श्वास रोख, पिल्लू. तिला काय कळतंय. रडत होती."

पडद्यावर नातीच्या फासळ्या आल्या. फासळ्यांवर ओळीने गाठी होत्या. मोडलेलं हाड जुळतं तेव्हा तिथे गाठ येते, हे मला मामांनीच शिकवलं. म्हणजे त्या फासळ्या कधीतरी आधीच मोडून जुळल्या होत्या आणि घरात कोणाला पत्ताही नव्हता.

"बाळाची फासळी उगाच मोडत नाही, ताई. कोणीतरी छातीला धरून आवळावं लागतं. जन्मभर हेच बघितलं मी. बाहेर जावई दुधाची बाटली घेऊन उभा होता. म्हणाला, 'बाबा, काय दिसतंय?' मी म्हणालो, रिपोर्ट डॉक्टर सांगतील. आणि आत जाऊन डॉक्टरांना म्हणालो, पोरगी दिवसभर बापाकडे असते."

सगळ्या नोकरीत तेवढं एकदाच त्यांनी तोंड उघडलं होतं.

पुढचं सरळच आहे. मुलांचं बघणाऱ्या ऑफिसातून माणसं आली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला हाडं मोडायचा आजार? मामा म्हणाले, नाही. जावयाला घराबाहेर राहायचा हुकूम झाला. आठवड्यातून एकदा त्याने ऑफिसच्या एका खोलीत येऊन पोरीला भेटायचं, तेही कोपऱ्यात एक बाई बसलेली असताना. वर्ष होऊन गेलं होतं. आता शेवटची सुनावणी लागणार होती. तिथे नवीन काही पुढे आलं नाही, तर बापाचा पोरीवरचा हक्क कायमचा जाणार होता.

"आणि तो गेल्यापासून तिचं काही मोडलेलं नाही," मामा म्हणाले.

"हात झडले पाहिजेत मेल्याचे!" मी म्हणाले. खरंच म्हणाले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की तो समोर असता, तर टाकी धुवायचा ब्रश त्याच्या डोक्यात घातला असता.

"लेक काय म्हणते?"

"बोलत नाही. ताट वाढते, ताट उचलते."

"आणि तुम्ही? तुम्हाला काही वाटत नाही?"

"दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना," मामा म्हणाले, "मग गालाला हात लावला तर गाल दुसऱ्याचाच वाटतो. तसं झालंय. काही वाटत नाही."

पंप सुरू झाले आणि त्यांचं बोलणं संपलं. मामांनी एप्रन चढवला, मी मासे काढायला घेतले.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते भांडण झालं. नवीन मासे एक्स-रेला निघाले होते. निम्मे बिघडवलेले, निम्मे साधे, डब्यांवर नेहमीप्रमाणे नुसते नंबर. मामा एकामागून एक फोटो काढत होते आणि अचानक थांबले. पडद्याजवळ डोळे नेले. मग माझ्याकडे वळले. त्या माणसाचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"तुम्ही मासे कसे धरता?"

"म्हणजे?"

"कसे धरता म्हणून विचारतोय! जाळीत कोंबता? बोटांनी आवळता? बघा इथे. फासळ्यांवर गाठी आहेत. मोडून जुळल्यात. आणि हा एकच नाही, हाही, हाही. मुक्या जिवाला कोणीतरी दाबलंय, ताई. तुमच्याशिवाय या टाक्यांना हात लावतं कोण?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी? अंडं असल्यापासून ज्यांना मी वाढवलं, ज्यांच्यासाठी सुट्टीच्या दिवशी घरचं जेवण अर्धवट टाकून आले, त्यांना मी आवळते? "तोंड सांभाळून बोला मामा," मी म्हणाले, "वयाकडे बघून गप्प बसतेय." गप्प कुठली बसते! आणखी काय काय बोलले ते आता आठवतही नाही. नियमामुळे खरं कारण मला सांगता येत नव्हतं आणि राग गिळता येत नव्हता. शेवटी मी रडले. ते बघून मामांची खात्रीच पटली असावी. ते नुसते माझ्या हातांकडे बघत होते. कोणी आपल्या हातांकडे तसं बघितलं ना, की ते कुठे लपवावेत कळत नाही.

मी तडक वर गेले आणि मॅडमना खाली घेऊन आले. "यांना सांगा," मी म्हणाले, "नाहीतर मला तरी रजा द्या."

मॅडमनी पडदा बघितला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मामा, या माशांना कोणी काही केलेलं नाही. यांचं एक जनुक आम्ही बिघडवलंय. हाडाच्या आत जे सूत असतं ना, ज्याच्यामुळे हाड चिवट राहतं, ते यांच्यात कच्चं बनतं. यांच्या फासळ्या आपोआप मोडतात."

"आपोआप कशा?"

"पोहताना. वळताना."

"कोणी धरलं नाही?"

"नाही."

"कोणी दाबलं नाही?"

"मामा, काही तर एकेकटे ठेवलेत. त्या टाकीत दुसरा मासासुद्धा नाही."

मामा स्टुलावर बसले. पेटीत एक मासा अजून स्पंजवर होता, तो मीच घाईने काढून पाण्यात सोडला. जरा वेळाने कल्ले हलवून तो तिरका तिरका पोहायला लागला. मामा त्याच्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "माणसांत असतं का हे?"

"असतं," मॅडम म्हणाल्या. "का?"

मामांनी तोंड उघडलं नाही. सवय! मग मीच सांगितलं सगळं. नात, फासळ्या, जावई, सुनावणी. मॅडमचा चेहरा उतरला. माशावरून माणसाचं काही ठरवता येत नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. पण रक्त तपासता येतं, म्हणाल्या, आणि जनुकांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

त्या दिवशी माझा डबा तसाच घरी गेला. माझ्यावरचा आळ जेमतेम अर्धा तास टिकला होता हो. तो जावई तर वर्षभर तो घेऊन फिरत होता, आणि त्याला न बघता, न ओळखता मी त्याचे हात झडवून मोकळी झाले होते.

तपासणीला मामांनी मला सोबत नेलं. "डॉक्टर हळू बोलतात, मला ऐकू येत नाही," म्हणाले. तिथे लेक पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. वाळलेली, केस कसेतरी बांधलेले. माझ्याकडे बघून मान हलवली, बापाकडे बघितलंही नाही. पोरगी गोड होती. माझ्या पर्सच्या चेनशी खेळत होती.

डॉक्टर तरुण होत्या. पोरीला तपासता तपासता त्यांची नजर मामांवर गेली आणि तिथेच राहिली.

"आजोबा, जरा खिडकीकडे बघा. कान कधीपासून गेलेत?"

"चाळिशीपासून."

"आणि मनगट?"

"लहानपणी मोडलं."

"कसं?"

"बापाने."

"आणखी काही मोडलं होतं?"

"कोपर. बोटं. घोट्याचं हाड." प्रत्येक वेळी मामा जरा थांबत होते. "पायऱ्या उतरताना एकदा."

डॉक्टरांनी लेकीला खिडकीकडे बघायला सांगितलं, मग पोरीलाही. मी बघितलं. तिघांच्याही डोळ्यांत तीच निळसर झाक. इतके दिवस मी निळीवरून चिडवत होते आणि तो आजार माझ्याकडे रोज बघत होता.

रिपोर्ट सुनावणीच्या आधी आला. जनुकातला बदल तिघांत एकच होता. मामांकडून लेकीला, लेकीकडून नातीला. मोठ्यांत सौम्य, पोरीत जास्त. कपडे बदलताना हात मोडू शकतो, उचलून घेताना फासळी मोडू शकते, डॉक्टर म्हणाल्या. कोणी मारायची गरज नसते. मधे वर्षभर काही मोडलं नाही, त्यावरूनही काही सिद्ध होत नाही, म्हणाल्या.

लेकीने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "मी त्यांना दर भेटीत विचारायचे. खरं सांगा, तुम्ही काय केलंत. दर भेटीत." तिचा आवाज बापासारखाच निघाला, सपाट. तिने पोरीला टोपी घातली आणि ती निघून गेली. मामा तिच्या मागे गेले नाहीत. मला म्हणाले, "चला, माशांची वेळ झाली."

सुनावणीत सगळं मिटलं. जावई घरी आला.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर हजर. एप्रन चढवला, स्पंज ओला केला. मी काही विचारायचं नाही असं ठरवून आले होते, पण माझं तोंड ते!

"आले का जावई?"

"आले."

"मग?"

"दारात उभे होते. दोन्ही हात पाठीमागे. पोरगी आईच्या मागे लपली." मामांनी मासा सरळ केला. "मी माफी मागितली. म्हणालो, चूक माझी. ते म्हणाले, 'रिपोर्ट डॉक्टरांनी सांगितलाय मला.' बस, एवढंच."

"आणि पोरीला घेतलं की नाही?"

"लेकीने पुढे केलं तिला. त्यांचे हात पुढे येईनात. मग मला विचारलं, 'बाबा, कुठे धरू?' मी दाखवलं. एक हात बुडाखाली, एक पाठीमागे. काखेत धरून उचलायचं नाही, हाताला ओढायचं नाही. त्यांनी घेतलं. ती रडली, तर गप्प होईपर्यंत श्वास रोखून उभे होते."

"सुटलात मामा," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून. "झालं ना मनासारखं?"

मामा स्पंजवरच वाकलेले राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून मी पुन्हा ओरडून म्हणाले. त्यांनी पेटीचं दार लावलं, पण बटण दाबलं नाही. वाकडं मनगट उजव्या हातात धरून बसले होते. ते तसे बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

"गाडी येत होती, ताई."

"कुठे?"

"शाळेपाशी. मी रस्त्यात पळालो होतो. समोरून गाडी येत होती. बापाने हात धरून मागे ओढलं." ते पेटीच्या काचेकडे बघत होते. "हे मी कधी कोणाला सांगितलंच नाही. हात मोडला एवढंच सांगायचो."

पंप घरघरत होते. मामांनी बटण दाबलं, या वेळी काही न म्हणता, आणि दार उघडून मासा माझ्याकडे दिला. मी तो साध्या पाण्यात सोडला.

"द्या पुढचा," ते म्हणाले.

मी पुढचा डबा उघडला.